कोण बोललं, काय बोललं, कोणी ऐकलं: दाहाचा संदेश प्रयोगातून कसा सिद्ध करायचा

मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींवर) जीवाणूंच्या आवरणातलं एलपीएस टाकलं, चोवीस तासांनी सुपरनेटंट, म्हणजे पेशींवरचं द्रव, काढलं, त्यातल्या टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाची एलायझा (अँटीबॉडीने प्रमाण मोजणारी चाचणी) लावली, आलेखातला बार उंच आला. एम.एस्सी.चे कितीतरी प्रोजेक्ट इथे येऊन थांबतात, आणि मुखपृष्ठावर मात्र 'प्रतिकारपेशींमधील संवाद' असं छापलेलं असतं. त्या बारवरून एवढंच कळतं की चौकात कोणीतरी ओरडलं. हाक कोणी मारली, काय म्हणून मारली आणि ती ऐकून कोण वळलं, हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात. संवाद झाला असं म्हणायचं तर तिन्हींचा पुरावा वेगवेगळा द्यावा लागतो. तो कसा द्यायचा, ते इथे सांगते.

पाषाण भागातल्या एका प्रयोगशाळेत सेल कल्चरची खोली मी सांभाळते. जानेवारी उजाडला की पुण्यातल्या वेगवेगळ्या कॉलेजांतून मुलं प्रोजेक्टला येतात. हाताशी चार-पाच महिने असतात आणि पैसे बेताचे. म्हणून हा आराखडा मी सहज मिळणाऱ्या पेशींवर बेतला आहे: बोलणाऱ्या पेशी टीएचपी-१, ऐकणाऱ्या पेशी ए५४९. दोन्ही माणसाच्या आहेत आणि दोन्हींवर जगभर भरपूर काम झालेलं आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत देशाचा पेशीसंग्रह आहे, ही पुण्यातल्या मुलांची मोठी सोय. दुसऱ्या लॅबमधून 'एक फ्लास्क दे ना' म्हणून आणलेल्या पेशी घेऊ नका. त्या पेशींची ओळख पटलेली नसते, पॅसेज (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात हलवून वाढवणं) किती झाले ते माहीत नसतं, आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये न दिसता वाढणारा सूक्ष्म जीवाणू) असेल तर तुमच्या प्रयोगाचा अर्थच बदलतो. मायकोप्लाझ्मा स्वतःच पेशींना दाहाकडे ढकलतो.

स्वतःचं किंवा मैत्रिणीचं रक्त काढून त्यातल्या पेशी वापरायचा मोह होतो. नैतिकता समितीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय सुईला हात लावू नका. ती मिळायला वेळ लागतो, म्हणूनही पेशीरेषा (प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या पेशी) बऱ्या.

आधी घटनाक्रम डोक्यात बसवा

एलपीएस म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला रेणू, ज्याला आपण एंडोटॉक्सिन म्हणतो. सीरममधलं एलबीपी नावाचं प्रथिन तो उचलतं, पेशीवरच्या सीडी१४ च्या हवाली करतं, आणि तिथून तो टीएलआर-४ (टोलसारखा रिसेप्टर, म्हणजे पेशीचा कान) आणि एमडी-२ च्या जोडीला जाऊन चिकटतो. पेशीच्या आत मायडी८८, मग आयआरएके, मग ट्रॅफ६ अशी साखळी हलते. शेवटी आयकेके नावाचं एन्झाइम आय-कप्पा-बी या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. आय-कप्पा-बीने इतका वेळ एनएफ-कप्पा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर धरून ठेवलेलं असतं. फॉस्फेट चढलं की पेशी त्याचा निकाल लावते आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं. हे सगळं अर्ध्या तासात आटोपतं. त्यानंतर टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६, आयएल-८ या सायटोकाइनांची (पेशींमधले निरोप नेणाऱ्या प्रथिनांची) जनुकं चालू होतात.

यातली एक गोष्ट पुस्तकात घाईने वाचली जाते आणि प्रयोगात नडते. एनएफ-कप्पा-बी जी जनुकं चालू करतं त्यांत आय-कप्पा-बी आणि ए२० ही त्यालाच आवर घालणारी जनुकंही असतात. त्यामुळे ते केंद्रकात शिरतं, बाहेर येतं आणि पुन्हा शिरतं. तुम्ही एकाच वेळेला प्लेट थांबवली तर पाहिलेली स्थिती चढती की उतरती, ते ओळखता येणार नाही.

ऐकणाऱ्याचं महत्त्व पटवायला मी मुलांना सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांची गोष्ट सांगते. या उंदरांवर एलपीएसचा परिणामच होत नाही, हे आधीपासून माहीत होतं. एलपीएस तेच आणि उंदीरही धडधाकट, तरी दाह नाही. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवलं की या उंदरांच्या टीएलआर-४ च्या जनुकात बिघाड आहे. त्याआधी १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत टोल जनुक बुरशीविरुद्धच्या प्रतिकाराला लागतं हे दाखवलेलं होतं. दोघांना २०११ च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. संदेश हजर आणि कान गैरहजर, एवढ्या एका फरकावर हा शोध उभा आहे. तुमच्या छोट्या प्रयोगातही तर्क हाच वापरायचा आहे.

पाणी आणि काच

पेशी वाढवण्याआधी पाण्याकडे बघा. कल्चरमध्ये जीवाणू वाढले तर मीडिया (पेशींचं पोषक द्रव) गढूळ होतो आणि दिसतो. एंडोटॉक्सिन दिसत नाही. डीआयच्या (क्षार काढलेल्या पाण्याच्या) टाकीत, नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू वाढतात. ते मेले तरी त्यांचं एलपीएस पाण्यात उरतं. ऑटोक्लेव्ह केल्याने जीवाणू मरतात, एलपीएस टिकतं. ते घालवायला काच कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंश सेल्सियसला किमान अर्धा तास ठेवावी लागते. म्हणून पीबीएस (पेशी धुवायचं क्षारांचं द्रावण) घरी बनवण्यापेक्षा कल्चरसाठीचं तयार, एंडोटॉक्सिन तपासलेलं आणा. सीरमच्या बाटलीबरोबर येणाऱ्या कागदावर एंडोटॉक्सिनचा आकडा असतो, तो वहीत उतरवून ठेवा. एक एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस, आणि मॅक्रोफेजला एका मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या आतबाहेरचं एलपीएससुद्धा कळतं. हे गणित एकदा करून पाहिलंत की काचेच्या मोजपात्राने मीडिया मोजायची सवय आपोआप सुटेल.

ई. कोलायमध्ये बनवलेली रीकॉम्बिनंट प्रथिनं वापरणार असाल तर त्यांनाही हाच नियम. 'आमच्या प्रथिनाने मॅक्रोफेज जागे होतात' अशा दाव्यात प्रत्यक्षात एलपीएसच बोलत असण्याची शक्यता मोठी असते. पॉलिमिक्सिन बी एलपीएसला बांधून ठेवतं. ते घालून परिणाम गेला तर संशय बळावतो. त्याहून स्वस्त उपाय उकळण्याचा. ९५ अंशांना दहा मिनिटं ठेवलं की बहुतेक प्रथिनं बाद होतात आणि एलपीएस तसंच राहतं. उकळल्यावरही परिणाम टिकला तर बोलणारं तुमचं प्रथिन नाही असं समजा.

बोलणाऱ्या पेशी तयार करणे

टीएचपी-१ या रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या मोनोसाइटसारख्या पेशी. त्या मीडियात तरंगत वाढतात. आरपीएमआय-१६४०, १० टक्के सीरम, आणि बहुतेक जण थोडं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालतात. मिलिलिटरला दहा लाखांच्या वर त्यांना जाऊ देऊ नका; गर्दी झालेल्या पेशी पुढे नीट चिकटत नाहीत.

त्यांचं मॅक्रोफेज करायला पीएमए लागतं. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलला अर्धा मिली मीडियात अडीच लाख पेशी, पीएमए मिलिलिटरला २५ ते ५० नॅनोग्रॅम, आणि ४८ तास. पीएमए गाठी वाढायला मदत करणारं रसायन आहे आणि ते डीएमएसओत विरघळवलेलं असतं. डीएमएसओ रसायनाला कातडीतून आत न्यायला मदत करतं, म्हणून हातमोज्यांशिवाय कुपी उघडू नका. ४८ तासांनी पेशी तळाला चिकटून पसरलेल्या दिसतील. आता कोमट मीडियाने हलक्या हाताने धुवा आणि पीएमए नसलेल्या मीडियात किमान २४ तास विश्रांती द्या. हा विश्रांतीचा दिवस वाचवावा असं प्रत्येकाला वाटतं. पण पीएमए स्वतःच एनएफ-कप्पा-बीला हलवतं. विश्रांती न देता एलपीएस दिलंत तर तळरेषाच वर चढलेली असते, आणि उरलेलं पीएमए सुपरनेटंटमधून ऐकणाऱ्या पेशींवर जाऊन तिथेही गोंधळ घालतं.

एलपीएसची कुपी वापरण्याआधी व्हॉर्टेक्सवर चांगली हलवा. हे रेणू एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. न हलवता घेतलं तर दर वेळी वेगळी मात्रा पडते. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम ही रुळलेली मात्रा. मीडियात सीरम ठेवा, कारण एलबीपी तिथूनच येतं. सीरम काढलंत तर कमी मात्रेला पेशी जवळजवळ गप्प राहतात, आणि मुलं एलपीएस खराब निघालं म्हणून नवी कुपी मागवतात.

पहिला प्रयोग फक्त वेळेचा करा: ०, १, २, ४, ८ आणि २४ तास. टीएनएफ लवकर चढतं, चार ते सहा तासांत भरपूर जमतं. आयएल-६ मागून येतं. आयएल-१०, जे दाहाला आवर घालतं, आणखी उशिरा. चोवीस तासांच्या एकाच आकड्यात ही सगळी क्रमवारी हरवते. संवादात क्रम हाच अर्थ असतो, म्हणून या प्रयोगाला मी कधीच सूट देत नाही, प्रोजेक्टचा वेळ कितीही कमी असो.

टीएनएफ याच पेशीने बनवलं, हे दाखवायला पेशीच्या आत बघावं लागतं. शेवटचे चार तास ब्रेफेल्डिन ए घाला, म्हणजे प्रथिन बाहेर पडायचं थांबतं आणि आतच साचतं. मग पेशी पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करा, सॅपोनिनने पटलाला भोकं पाडा, टीएनएफची चमकणारी अँटीबॉडी लावा आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. एकाच प्रकारच्या पेशी असतील तर हे अनावश्यक वाटेल. दोन प्रकार एकत्र वाढवायला लागलात की याच्याशिवाय बोलणारा ओळखता येत नाही. मात्र ब्रेफेल्डिन घातलेलं सुपरनेटंट दुसऱ्या पेशींवर टाकू नका; ते त्यांचंही स्रवणं बंद करतं.

ऐकणाऱ्या पेशी: खरी मेहनत इथे

ए५४९ या फुप्फुसाच्या अस्तरातून आलेल्या कर्करोगाच्या पेशी. निवडायचं कारण असं की एलपीएसला त्या फारसं मनावर घेत नाहीत, पण टीएनएफ आणि आयएल-१ बीटाला जोरात प्रतिसाद देतात. म्हणजे मूळ एलपीएस आणि मॅक्रोफेजचा निरोप यांत फरक करायला त्या सोयीच्या. 'फारसं नाही' म्हणजे 'अजिबात नाही' असं मात्र धरू नका.

मॅक्रोफेजना एलपीएस देऊन दोन तास झाले की मीडिया काढून टाका, तीनदा धुवा, नवा मीडिया घाला. पेशी एव्हाना जाग्या झालेल्या असतात, त्या स्रवत राहतात. पुढच्या चार ते सहा तासांत साठलेलं सुपरनेटंट गोळा करा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीला (गुरुत्वाच्या तीनशेपट जोराने) पाच मिनिटं फिरवून तरंगत्या पेशी खाली बसवा आणि वरचं घ्या. ते ए५४९ वर टाकताना निम्मा ताजा मीडिया मिसळा, कारण वापरलेल्या मीडियात अन्न संपत आलेलं असतं आणि भुकेल्या पेशींचं वागणं वेगळं.

शेजारच्या वेलमध्ये काय काय हवं? एलपीएस न दिलेल्या मॅक्रोफेजचं सुपरनेटंट. नुसता मीडिया. आणि बहुतेक जण जे विसरतात ते: पेशी नसलेल्या रिकाम्या वेलला तेच एलपीएस, तितकेच तास, तसंच तीनदा धुणं, आणि मग त्यातला मीडिया. प्लास्टिकला चिकटून राहिलेलं एलपीएस किती पुढे जातं, ते हा वेल सांगतो. माझ्यासमोर आकडे घेऊन येणाऱ्याला मी पहिलं याच वेलबद्दल विचारते.

आता मोजायचं काय? हाताशी आयएल-८ ची एलायझा किट असते आणि ए५४९ आयएल-८ भरपूर सोडतात, म्हणून तेच मोजावंसं वाटतं. पण मॅक्रोफेजही आयएल-८ सोडतात! तुम्ही वरून ओतलेल्या सुपरनेटंटमध्ये ते आधीच आहे. चोवीस तासांनी वेलमध्ये मिळालेलं आयएल-८ ए५४९ चं किती आणि ओतलेलं किती, हे एलायझा कसं सांगणार? ऐकणाऱ्या पेशीची अशी खूण मोजायला हवी जी बाहेरून येऊ शकत नाही. दोन चांगल्या आहेत.

पहिली, पी६५. हा एनएफ-कप्पा-बीचाच भाग. कव्हरस्लिपवर ए५४९ वाढवा, सुपरनेटंट टाका, तीस मिनिटांनी स्थिर करा, पी६५ ची अँटीबॉडी आणि केंद्रकासाठी डॅपी हा चमकणारा रंग लावा. गप्प पेशीत पी६५ बाहेरच्या भागात पसरलेलं असतं आणि केंद्रकाच्या जागी काळं भोक दिसतं. ऐकलेल्या पेशीत केंद्रक उजळतं. हे पहिल्यांदा भिंगाखाली पाहताना मुलांचे चेहरे फुलतात, आणि मला अजूनही तितकाच आनंद होतो. मोजताना मात्र स्लाइडवरच्या खुणा झाकून दुसऱ्याकडून मोजून घ्या, आणि शेकडो पेशी मोजा.

दुसरी, आयकॅम-१. हे पेशीच्या पृष्ठभागावर उगवणारं प्रथिन, ज्याला धरून पांढऱ्या पेशी दाहाच्या जागी थांबतात. सोळा ते चोवीस तासांनी फ्लो सायटोमीटरवर मोजा. पेशी उचलताना ट्रिप्सिन टाळा, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं. ईडीटीए किंवा ॲक्युटेज वापरा. पी६५ सांगतं की ऐकलं. आयकॅम-१ सांगतं की ऐकून काही केलं. पैसे एकापुरतेच असतील तर मी पी६५ घेईन.

काढून पाहा, घालून पाहा

सुपरनेटंटमध्ये टीएनएफ आहे आणि ए५४९ जाग्या झाल्या, यावरून टीएनएफनेच जागं केलं असं होत नाही. त्यात आयएल-१ बीटा असेल, आणखी काही असेल. म्हणून टीएनएफ काढून पाहायचं. सुपरनेटंटमध्ये टीएनएफला निष्क्रिय करणारी अँटीबॉडी घाला, ३७ अंशांना अर्धा-पाऊण तास ठेवा आणि मग पेशींवर टाका. शेजारी त्याच जातीची, तितकीच, पण टीएनएफशी संबंध नसलेली अँटीबॉडी हवीच. आयएल-१ साठी आयएल-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट मिळतं. ते ऐकणाऱ्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. एक वेल टीएनएफशिवाय, एक आयएल-१ शिवाय, एक दोन्हींशिवाय. मग उलट बाजूने या: एलायझामध्ये जितकं टीएनएफ मोजलं तितकंच शुद्ध टीएनएफ ताज्या मीडियात घालून ए५४९ वर टाका. काढल्यावर परिणाम गेला आणि घातल्यावर आला, तरच संदेश ओळखला असं म्हणा. घालून अर्धाच परिणाम आला, तर सुपरनेटंटमध्ये दुसरा कोणी बोलतो आहे, आणि ती माहिती अपयशापेक्षा खूप मोलाची आहे.

ही पद्धत नुसती परीक्षकासाठी आहे असं समजू नका. १९८० च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी प्लेटमध्ये वाढवत होते. त्या पेशी आपणहून अनेक सायटोकाइन सोडत होत्या. इतक्या आवाजांतला एक बंद करून काय होणार, असं कोणालाही वाटलं असतं. त्यांच्या गटाने टीएनएफविरुद्धची अँटीबॉडी घातली आणि आयएल-१ सुद्धा खाली आलं. १९८९ मध्ये हे छापून आलं. १९९२ मध्ये त्यांनी तशी अँटीबॉडी रुग्णांना देऊन पाहिली, आणि त्यातून आजची टीएनएफ रोखणारी औषधं उभी राहिली.

माझी आत्या कर्वेनगरला असते. सकाळी तिची बोटं इतकी आखडायची की वेणी घालता येत नसे, कुकरचं झाकण फिरत नसे. साध्या गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी टीएनएफविरुद्धचं इंजेक्शन सुचवलं, आणि त्याआधी क्षयाची तपासणी करायला सांगितली. ती घाबरली, मला विचारलं, 'सांधे दुखतात तर छातीचा फोटो कशाला गं?' तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. क्षयाचे जंतू अंगात दबून असतील तर मॅक्रोफेज त्यांना गाठींमध्ये कोंडून ठेवतात, आणि ती कोंडी टिकायला टीएनएफचा निरोप लागतो. तो काढला तर दबलेला क्षय उठू शकतो. आपण प्लेटमध्ये एक संदेश काढून काय ढासळतं ते बघतो, त्याला बाहेर असा अर्थ असतो.

आयएल-१ बीटाचं वेगळं प्रकरण

हे सायटोकाइन दोन टप्प्यांत येतं. एलपीएसने फक्त त्याचं ३१ किलोडाल्टनचं अपुरं रूप बनतं आणि पेशीत पडून राहतं. दुसरा इशारा मिळाला, उदाहरणार्थ पेशीबाहेर एटीपी आलं, तर पेशीतलं पोटॅशियम बाहेर वाहतं, एनएलआरपी३ ची इन्फ्लमासोम नावाची रचना जुळते, कॅस्पेज-१ चालू होतं आणि ते कापून १७ किलोडाल्टनचं खरं आयएल-१ बीटा तयार करतं. गॅसडर्मिन डी पटलाला भोकं पाडतं, त्यातून ते बाहेर पडतं. पेशीबाहेरचं एटीपी म्हणजे शेजारी कोणी फुटल्याची खूण, म्हणून हा दुसरा इशाराही एक संवादच आहे.

करायचं असं: एलपीएस तीन-चार तास, मग ५ मिलिमोलर एटीपी किंवा १० मायक्रोमोलर निजेरिसिन, पाऊण ते एक तास. एटीपीचं द्रावण आम्लधर्मी असतं. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणल्याशिवाय टाकलंत तर पेशी आम्लाने मरतील. बरोबर एलडीएचची चाचणी लावा, म्हणजे किती पेशी फुटल्या ते कळेल. काही एलायझा किट अपुरं रूपही थोडंफार मोजतात, म्हणून एकदा तरी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या चाचणीत) १७ ची पट्टी दाखवा.

काही निरोप हवेतून जात नाहीत, अंगाला अंग लागूनच पोचतात. टी पेशीवरचं सीडी४० लायगँड मॅक्रोफेजच्या सीडी४० ला स्पर्शाने जागं करतं. टीएनएफसुद्धा आधी पटलात अडकलेलंच असतं. एडीएएम१७ ने कापल्यावर ते सुटं होतं. तुमचा संवाद स्पर्शाचा आहे का, हे बघायला ०.४ मायक्रॉन छिद्रांचे ट्रान्सवेल वापरा. त्यातून रेणू जातात, पेशी जात नाहीत.

वनस्पतींच्या अर्कावर काम करणाऱ्यांसाठी

पुण्यात फार्मसी आणि आयुर्वेद कॉलेजांची संख्या पाहता दाहशामक अर्कांचे प्रोजेक्ट खूप असतात, आणि गुळवेल-हळदीवर मनापासून काम करणारी मुलं मला आवडतात. त्यांना तीन गोष्टी सांगते. अर्काने पेशी मेल्या तरी टीएनएफ कमीच येणार, म्हणून प्रत्येक मात्रेला पेशी जिवंत आहेत का ते मोजा. कर्क्युमिन पिवळं आहे आणि एमटीटीसारख्या रंगावर चालणाऱ्या चाचणीत ढवळाढवळ करतं. पेशींशिवाय नुसत्या अर्काचे वेल लावा. आणि ग्रीस रीएजंटने नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडची खूण) मोजायचं असेल तर उंदराच्या रॉ २६४.७ पेशी घ्या; टीएचपी-१ मध्ये त्याची वाट पाहत बसू नका, माणसाच्या मॅक्रोफेज प्लेटमध्ये नायट्रिक ऑक्साइड फारसं बनवत नाहीत. शिवाय मुळं आणि खोडं मातीतली, त्यांच्यावर जीवाणू असतातच. अर्कात एलपीएस असेल तर आधी अर्क आणि मग एलपीएस दिल्यावर पेशी दुसऱ्या खेपेला थंड प्रतिसाद देतात, आणि तो औषधाचा गुण वाटतो. अर्काची एंडोटॉक्सिन चाचणी करून घ्या.

वेळापत्रक

गुरुवारी शहराच्या बऱ्याच भागांत देखभालीसाठी वीज जाते. वेळेचा प्रयोग गुरुवारी लावू नका. इन्क्युबेटर जनरेटरवर असला तरी हूड आणि सेंट्रिफ्यूज असतीलच असं नाही. जून ते सप्टेंबर बुरशीचे दिवस: ओली छत्री आणि चपला कल्चरच्या खोलीबाहेर, इन्क्युबेटरच्या तळाचं पाणी दर आठवड्याला बदला. विसर्जनाच्या आदल्या दिवशी चोवीस तासांचा प्रयोग सुरू केलात तर दुसऱ्या दिवशी पेठांमधून पाषाणला पोचणं कठीण.

एकाच प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नाहीत. पेशी वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजमधून पुन्हा वाढवून केलेला प्रयोग मोजला जातो. आलेखात प्रत्येक दिवसाचा बिंदू वेगळा दाखवा. एलायझाचं वाचन ४५० नॅनोमीटरला घ्या, ५७० चं वाचन वजा करा, आणि स्टँडर्ड कर्व्हच्या (माहीत प्रमाणांवरून काढलेल्या रेषेच्या) बाहेर गेलेले नमुने पातळ करून पुन्हा लावा. कर्व्ह पुढे ओढून आकडा काढू नका.

सुपरनेटंट गोळा केलं की लगेच २०० मायक्रोलिटरचे भाग करा आणि उणे ८० ला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. पुन्हा गोठवून पुन्हा वितळवलं की सायटोकाइन घटतात. ट्यूबवर तारीख, पॅसेज, एलपीएसची मात्रा, तास आणि धुतलं की नाही ते लिहा. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, म्हणून झाकणावर क्रमांक आणि वहीत पूर्ण तपशील, असं दोन्हीकडे. एक संच न वापरता राखून ठेवा. टीएनएफ काढूनही ए५४९ जाग्याच राहिल्या, तर पुढचा संशयित शोधायला त्याच दिवसाचं सुपरनेटंट लागतं.